बांध, चर आणि ओढ्याचा काठ : कोरडवाहू शिवारात माती, पाणी आणि रानजीव एकत्र कसे राखावेत

महाराष्ट्राच्या पठारावर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात, ज्यांची थोडीफार कोरडवाहू जमीन आहे अशा शेतकऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. माती कृषी खात्याची, पाणी जलसंधारण खात्याचे आणि प्राणी-पक्षी वनखात्याचे अशी सरकारी कामकाजाची वाटणी असली, तरी प्रत्यक्ष शिवारात ही तिन्ही कामे एकाच जागी होतात. जिथे नांगर चालत नाही ती ही जागा, म्हणजे शेताचा बांध, माथ्यावरचा पडीक तुकडा, घळीच्या कडा आणि ओढ्याचा काठ. सातबाऱ्यावर यांतली बरीचशी जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून नोंदलेली असते आणि दरवर्षी एखादे तास, म्हणजे नांगराची एखादी रेघ, वाढवत नांगर तिच्यात शिरत राहतो. शेतातली माती टिकवायची असेल, विहिरीला पाणी राखायचे असेल आणि रानातले जीव जगवायचे असतील, तर पहिले श्रम आणि पहिला पैसा या जमिनीवर खर्च करावा, आणि पिकाखालच्या रानातली कामे त्यानंतर हाती घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

आधी पावसात शेत पाहावे

कोणतेही खोदकाम करण्यापूर्वी, विजा चमकत नसतील अशा जोराच्या पावसात, शेताला एक पूर्ण फेरी घालावी. वरच्या शेतातून पाणी नेमके कुठून आत शिरते, कोणत्या कोपऱ्यात साचते, बांध कुठे फुटू पाहतो आणि शेताबाहेर पडणारे पाणी गढूळ आहे की निवळ, हे त्या वेळी जितके स्पष्ट दिसते तितके उन्हाळ्यात कोणत्याही नकाशावरून कळत नाही. दिसेल तिथे लगेच खुंटी ठोकावी, कारण पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये काम काढताना याच खुंट्या उपयोगी पडतात. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे जवळपास १ लाख लिटर पाणी पडले, हा हिशेब मनात ठेवला की अंगावर येणारे पाणी किती आहे याचा अंदाज येतो. त्याच एकरातून मातीचा केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तरी पाच टनांहून अधिक माती जाते, आणि एवढी झीज डोळ्यांना जाणवतही नाही. झाडांची उघडी पडलेली मुळे, बांधाच्या वरच्या अंगाला साचलेला गाळ आणि खालच्या अंगाला दिसू लागलेला मुरूम या तिच्या खुणा होत.

यानंतर शेताच्या माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याला गुडघाभर खोलीचा एकेक खड्डा घेऊन माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो हे पाहावे. आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी, म्हणजे बेसाल्टच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. हा पाषाण सलग अंगाने पाणी धरत नाही. वरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि खडकातल्या भेगा व सांधे एवढीच काय ती साठवणूक असते. ही साठवणूक उथळ असल्याने पावसाळ्यात ती लवकर भरते आणि उपसा वाढला की लवकर रितीही होते. पाणी पडेल तिथेच मुरवावे, काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे, या नियमामागे हेच भूगर्भाचे कारण आहे. माथा सोडून थेट ओढ्यात बंधारा बांधला तर तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो, आणि तो गाळ म्हणजे वरच्या शेतांची सुपीक माती असते.

समपातळीची रेषा काढणे

चर असो, बांध असो किंवा गवताची ओळ असो, ती समपातळीत नसेल तर पाणी एका टोकाला धावते आणि तिथे नवी घळ पाडते. पातळी काढण्यासाठी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर वापरता येतो, परंतु एकट्या-दुकट्याला घरच्या घरी करता येईल असे साधन म्हणजे ए-फ्रेम. साधारण २ मीटर लांबीच्या दोन सारख्या सरळ काठ्यांची वरची टोके घट्ट बांधावीत, खालचे पाय दीड मीटर फाकवावेत आणि कमरेच्या उंचीवर एक आडवी काठी बांधावी. शेंड्याला दोरी बांधून तिच्या टोकाला मुठीएवढा दगड असा लोंबता ठेवावा की दोरी आडव्या काठीला घासून खाली जाईल. आता दोन खुंट्या जमिनीत ठोकून त्यांवर दोन पाय ठेवावेत आणि दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर ठेवून, दुसरी खूण करावी. या दोन खुणांच्या बरोबर मधली खूण ही समपातळीची खूण होय.

शेताच्या एका कडेला पहिला पाय ठेवून दुसरा पाय दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकवावा, तिथे फक्की टाकावी, मग त्या पायावर साधन फिरवून पुढची जागा शोधावी, आणि असे करत शेताची दुसरी कड गाठावी. वारा असेल तर दोरी हेलकावते, म्हणून हे काम सकाळी लवकर करावे. एखादी खूण खळग्यामुळे किंवा उंचवट्यामुळे फारच बाजूला गेली असेल तर रेषा डोळ्यांनी सारखी करून घ्यावी.

माथ्यावरचे चर

माथ्यावरच्या हलक्या, मुरमाड पडीक जमिनीत समतल चर खोदावेत. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल हे त्याचे रूढ माप आहे, आणि अशा चरात एका मीटर लांबीला १८० लिटर पाणी मावते. १०० मीटर चर एकदा भरून मुरला म्हणजे १८ हजार लिटर पाणी जमिनीत गेले. खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला, काठापासून वीतभर जागा सोडून रचावी, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात घसरते. उतार जास्त असेल तिथे दोन चरांतले अंतर कमी ठेवावे. जिथे मूळची झाडे आणि गवताचे दाट ठोंब आहेत तिथे चर तोडून पुढे न्यावा, कारण ते ठोंब चराचेच काम आधीपासून करत आहेत आणि ते उखडून चर खोदणे म्हणजे उलटे काम आहे.

चराच्या मातीच्या भरावावर पाऊस सुरू होताच गवताचे आणि स्थानिक झाडांचे बी टाकावे. पवन्या, मारवेल, डोंगरी ही आपल्या पठारावरची मूळ गवते जनावरांना पौष्टिक आहेत आणि माती घट्ट धरतात. पण बी टाकून गुरे मोकळी सोडली तर काहीच उरत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली म्हणून तिथले डोंगर हिरवे झाले, आणि तीच शिस्त आपल्या दोन गुंठ्यांच्या पडीक तुकड्यालाही लागू आहे. पहिली दोन-तीन वर्षे तिथे चराई पूर्ण बंद ठेवावी आणि गवत कापून आणून गोठ्यात घालावे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कराराने घेऊन माथ्यापासून पाणी अडवण्याचे काम केले आणि त्यातूनच पुढे पाण्याच्या न्याय्य वाटपासाठीची पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. मोठ्या सरकारी धरणाची वाट न पाहता एका टेकडीच्या उतारावर काय साधता येते, हे त्या कामाने दाखवले.

पिकाखालच्या रानात

इथे जमिनीचा प्रकार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हलक्या आणि मध्यम जमिनीत समतल बांध चालतो. खोल काळ्या जमिनीला मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि पाणी सावकाश मुरते, त्यामुळे तिथे समपातळीचा बांध घातला तर वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळे पडते आणि शेवटी भेगांतून बांध फुटतो. अशा जमिनीत १०० मीटरला २० ते ४० सेंटिमीटर एवढाच हलका ढाळ देऊन बांध घालावा आणि जादा पाणी गवताने झाकलेल्या पाटातून ओढ्याकडे सोडावे. दोन्ही प्रकारांत बांधाला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट, हवाच. त्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली असावी आणि पाणी जिथे पडते तिथे दगडांची फरशी असावी. शेतांच्या हद्दीवर, उतार न पाहता आणि सांडवा न ठेवता घातलेले बांध दरवर्षी त्याच जागी फुटताना दिसतात.

पेरणी आणि कोळपणी उताराला आडवी करावी. सोयाबीन, हरभरा यांसारख्या पिकांना रुंद वरंबा सरी पद्धत, म्हणजे रुंद वाफ्यावर पीक आणि दोन वाफ्यांमध्ये सरी, वापरली तर कमी पावसात ओल टिकते आणि अतिपावसात निचरा होतो. बाजरी किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतले तर पहिले पीक निघाल्यावरही जमीन उघडी पडत नाही. धसकटे, तुरीचा पाला आणि उसाचे पाचट जाळू नये. मातीतला सेंद्रिय कर्ब वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

घळीतले दगडी बांध

शेताच्या कडेने जाणारी छोटी घळ दरवर्षी रुंद होत असेल तर तिच्यात अनगड दगडांचे छोटे बांध घालावेत, तेही वरच्या टोकापासून सुरुवात करून. उंची १ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. पाया फूटभर खोदून घ्यावा, बांधाची दोन्ही टोके घळीच्या काठात हातभर आत घुसवावीत, वरच्या अंगाला उभा आणि खालच्या अंगाला पसरट उतार द्यावा, मोठे दगड खालच्या अंगाला लावावेत आणि लहान दगड वरच्या अंगाला भरावेत. बांधाचा मध्यभाग टोकांपेक्षा स्पष्टपणे खोलगट ठेवणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण पाणी मधून गेले तर बांध टिकतो आणि कडेने गेले तर काठ कापून ते बांधाला वळसा घालते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत येईल असे अंतर ठेवावे. घळीचा उतार १०० मीटरला ५ मीटर असेल आणि बांध १ मीटर उंच असेल, तर हे अंतर २० मीटर येते. बांधासाठी सुटे पडलेले दगडच वापरावेत. उतारावर मातीत रुतलेले दगड उपटून आणले तर त्या खड्ड्यांपासूनच नवी धूप सुरू होते, आणि त्यांच्याखाली राहणारे विंचू, पाली, सरडे, बेडूक बेघर होतात.

ओढ्याचा काठ आणि विहीर

ओढ्याच्या दोन्ही काठांवर निदान ५ मीटर रुंदीची पट्टी नांगराविना सोडावी. करंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी ही काठाची झाडे आहेत, आणि त्यांच्यामध्ये वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने ओळीत लावले तर त्याची खोल मुळे काठ ढासळू देत नाहीत. या पट्टीमुळे शेतातून येणारा गाळ आणि खते गाळली जातात, आणि सावलीमुळे ओढ्यातल्या डोहाचे पाणी उशिरापर्यंत राहते. नाला सरसकट खोल आणि सरळ करण्याच्या कामांबाबत मात्र सावध राहावे असे मला वाटते. साचलेला गाळ काढणे योग्य आहे, पण तळातली वाळू, मुरूम आणि काठाची झाडे यंत्राने खरवडून खडक उघडा पाडला, तर पाणी मुरण्याऐवजी वेगाने वाहून जाते किंवा आसपासच्या मुरमातले पाणीच त्या खोल चरात झिरपून बाहेर पडते. ओढा सरकारी हद्दीत असेल तर त्यात कोणतेही काम करण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि मृद व जलसंधारण विभागाची परवानगी घ्यावी.

शेततळ्याचे गणित आधी मांडावे. वरची लांबी-रुंदी २० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार एकास एक असेल, तर त्यात ८७६ घनमीटर, म्हणजे पावणेनऊ लाख लिटर पाणी मावते. हे तळे शेतातून वाहून जाणाऱ्या पाण्याने भरले तर ते वरदान आहे. पण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरून ठेवले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले आणि शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यायचे पाणी उन्हात उघडे ठेवल्यासारखे होते. याचा बोजा शेवटी उथळ विहिरीवर अवलंबून असलेल्या लहान शेतकऱ्यावर पडतो. विहिरीतल्या पाण्याची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहावी, शेजारीच त्या महिन्याचा पाऊस लिहावा, आणि ऑक्टोबरची पातळी पाहून रब्बीचे क्षेत्र ठरवावे. हिवरे बाजारमध्ये सारे गाव असा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर तिथे बंदी आहे.

रानातल्या जीवांसाठी

सर्वांत आधी धोके दूर करावेत, कारण त्याचा परिणाम त्याच दिवसापासून दिसतो. विहिरीला मीटरभर उंच कठडा बांधावा. कठड्याविना उघड्या विहिरी बिबटे, कोल्हे, तरस आणि रानमांजरांसाठी सापळे ठरतात. प्लास्टिकच्या शेततळ्याला कुंपण घालावे आणि आत पडलेला प्राणी किंवा माणूस वर चढू शकेल अशी गाठी मारलेली दोरखंडाची जाळी किमान दोन बाजूंनी तळापर्यंत सोडावी, कारण ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसेही मरतात, म्हणून क्षणिक झटका देणारे मान्यताप्राप्त सौर कुंपण वापरावे. पिकाचे किंवा जनावरांचे नुकसान झाले तर जागेवरचे काही न हलवता तातडीने वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. विहिरीत पडलेल्या किंवा जखमी प्राण्यासाठी वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. मेलेल्या जनावरात विष घालून ठेवण्याचा प्रकार कुठे होत असेल तर तो थांबवावा, आणि आजारी गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध देऊ देऊ नये, कारण अशा गुराचे मेलेले शरीर खाऊन गिधाडे मरतात. या मृत्यूंमुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली, आणि पशुवैद्यक मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय देऊ शकतात.

त्यानंतर निवारा. बांधावरची एखादी जुनी बाभूळ विहिरीकडे झुकलेली असेल तर ती तोडू नये. पावसाळ्यात सुगरण पक्षी पाण्यावर लोंबणाऱ्या अशाच फांद्यांना आपले खोपे विणतो, कारण तिथे साप आणि मांजर सहज पोहोचत नाही. झाडाची ढोली गव्हाणी घुबडाला आणि पिंगळ्याला लागते, आणि उंदरांवर ताबा ठेवणारे हे पक्षी धामणीइतकेच शेतकऱ्याचे सोबती आहेत. बांधावर बोर, हिवर, पळस, आपटा, कडुनिंब राखावेत. वेडी बाभूळ आणि घाणेरी वाढू लागली तर लहान असतानाच मुळासकट काढावी. हरभऱ्यात घाटे अळीसाठी एकरी वीसेक पक्षी थांबे लावावेत. त्यासाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या पिकापेक्षा उंच रोवाव्यात, म्हणजे कोतवाल आणि नीलपंख त्यांवर बसून अळ्या टिपतात. फवारणी अटळ असेल तर ती फुलोऱ्याच्या काळात टाळावी, नाहीच टळली तर मधमाश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करावी.

एका गोष्टीचा आग्रह मी विशेषत्वाने धरीन. मोकळे, गवताळ माळरान दिसले की तिथे खड्डे खणून झाडे लावायची घाई करू नये. माळरान हे उजाड झालेले जंगल नव्हे. धाविक, चंडोल, माळटिटवी, खोकड, लांडगा आणि चिंकारा यांना उघडी जागाच लागते, आणि दाट झाडी वाढली की ते तिथून जातात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, आणि तिथल्या गवताळ माळांवर वर सांगितलेल्यांपैकी अनेक जीव आजही पाहायला मिळतात. आपल्या माळाचे गवत बी पडून गेल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरात कापावे, जमिनीपासून चार बोटे उंच ठेवून कापावे, आणि कापणी मध्यापासून कडेकडे न्यावी, म्हणजे आत लपलेल्या सशांना आणि तितरांना बाहेर पडायला वाट राहते. चौथा हिस्सा दरवर्षी आळीपाळीने न कापता ठेवावा. वणवा लावू नये. नांगरताना टिटवीची अंडी दिसली तर तेवढी दोन हातांची जागा खुंट्या रोवून सोडावी. महिन्याभरात पिले निघून जातात.

कामाचा क्रम आणि शेजारी

वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय पाण्याची वाट बदलू नये, कारण आपण वळवलेले पाणी त्यांच्याच पिकात जाते. सामाईक बांधाची रुंदी, त्यावरच्या झाडांची मालकी आणि सांडव्याची जागा यांबाबतची संमती कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मगच खोदकामाला हात घालावा. चर, बांध, शेततळे यांसाठी शासकीय योजनांतून मदत मिळते, तिची चौकशी तालुका कृषी कार्यालयात हिवाळ्यातच करावी, म्हणजे मोजणी आणि मंजुरी होऊन उन्हाळ्यात काम उभे राहते. खोदकाम आणि दगडी बांध मे अखेरपर्यंत पूर्ण करावेत, पहिल्या चांगल्या पावसाबरोबर गवताचे ठोंब आणि बी लावावे, आणि त्या पावसाळ्यात प्रत्येक जोरदार सरीनंतर फावडे घेऊन सांडवे पाहावेत. पहिल्या वर्षी चरांत बराच गाळ साचू शकतो. तो गाळ पुढच्या उन्हाळ्यात उपसून वरच्या शेतातच पसरावा.